दादाची गाठ

खाणीत नियम फार नाहीत. असले तरी मुकादम ते रोज सकाळी बदलतो. पण एक नियम त्याच्या बापालाही बदलता आला नसता. दोराची गाठ ज्यानं मारली, त्यानंच ती सोडायची. सुरुंग उडाला की कड्यावर सैल दगड अडकून राहतात. ते पाडायला माणूस कमरेला दोर बांधून, हातात पहार घेऊन कड्यावरून खाली उतरतो. वर लोखंडी खुंट्याला त्या दोराची गाठ असते. दुसऱ्या कुणी 'जरा नीट करतो' म्हणून तिला हात लावला की खालचा माणूस गेलाच म्हणायचं. एकदा एका नव्या गड्यानं गाठ नुसती चाचपली, तर ह्यांनी त्याला असा लाथाडला की तो आठवडाभर वाकडा चालत होता. कुणाला त्याची कीव आली नाही. मलाही नाही.

हे म्हणजे माझा नवरा. कड्यावरच्या सगळ्या गाठी ह्यांच्या. आणि ह्यांच्या गाठीवर सगळ्यात जास्त उतरला तो ह्यांचाच भाऊ. त्याला मी भावजी म्हणायला हवं होतं, पण मी घरात आले तेव्हा तो माझ्या कमरेएवढा होता, नाक पुसायला मलाच लागायचं. म्हणून माझ्यासाठी तो धाकल्याच राहिला. मिशा फुटल्या तरी धाकल्याच. खाली लोंबकळताना गाणी म्हणायचा मेला. मी खाली बायकांच्यात बसून सुतकीनं, म्हणजे लहान घणानं, खडी फोडायची आणि वरून ह्याचं बेसूर गाणं ऐकायची. 'अरे गप, दगड लाजून पडतील,' असं मी ओरडले की आणखी जोरात म्हणायचा.

त्या वर्षी उन्हाळा असा पेटला होता की पहार उचलायची तर हाताला फडकं गुंडाळावं लागे. नव्या रस्त्याला खडी हवी होती आणि मालकाला घाई. एकाच्या जागी दोन-दोन सुरुंग उडवायला लागले. पूर्वी धूळ बसेपर्यंत थांबायचे, आता धुळीतच माणसं उतरवायची.

त्यातच दवाखान्याचं भांडण पेटलेलं. फाट्यावर सरकारचा दोन खोल्यांचा फुकट दवाखाना आहे. एक डॉक्टरीणबाई, एक सिस्टर. तो ठेवायचा की बंद करायचा हे ठरवायला वरून कुणी साहेब येणार होता. मालकाचं म्हणणं, सरकार आमच्या कराच्या पैशातून फुकट्यांना पोसतंय, खाणीसाठी मी माझा डॉक्टर ठेवीन. मालकाचा डॉक्टर म्हणजे मालकाला हवं ते बोलणारा, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण खरं सांगते, आम्हीही दवाखान्याला नावंच ठेवायचो. ताप आला तरी पांढरी गोळी, पाय मुरगळला तरी पांढरी गोळी. 'फुकटचं ते, त्याला गुण कुठला,' असं मीच चारचौघीत म्हणायची. माझा मुदतीचा ताप त्याच पांढऱ्या गोळ्यांनी उतरला होता, पण ते कोण लक्षात ठेवतंय!

त्या सकाळी दुसरा सुरुंग उडाला आणि मुकादम ओरडला, 'उतरा रे!' धाकल्या अर्ध्या कड्यावर होता. वरचा एक दगड सुटला. गाणं मध्येच तुटलं, मग धप्प असा आवाज आला. मी सुतकी टाकून धावले. दोरानं त्याला धरून ठेवलं होतं, गाठ हलली नव्हती. पण दगडानं उजवा पाय गुडघ्याखाली कड्याशी चेचला होता. खाली उतरवला तेव्हा हाडाची टोकं बाहेर आलेली आणि रक्त नळ सोडल्यासारखं वाहत होतं.

हे वरून कसे खाली आले देव जाणे. आल्या आल्या ह्यांनी दोराचा तुकडा कापला, धाकल्याच्या मांडीला गुंडाळला, त्यात छिन्नी घालून पीळ दिला आणि गाठ मारली. रक्त थांबलं. लाकडासारखा घट्ट दोर. धाकल्याचे दात वाजत होते.

'दादा, पाय राहील ना?'

'गाठ माझी आहे,' हे म्हणाले. 'तुला काय होतंय!'

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत त्याला घातला. हे चढणार एवढ्यात मुकादमानं ह्यांचा दंड धरला. 'तू थांब. साहेब येणार आहे, विचारपूस होईल. तो दारू पिऊन उतरला होता असं सांगायचं. आधी सगळ्यांसमोर बोल, मग जा.'

ह्यांनी त्याच्या तोंडावर ठोसा मारला. मुकादमाच्या नाकाचा चेंदा झाला. चारजण ह्यांच्यावर पडले, फरपटत नेऊन हत्यारांच्या खोलीत टाकलं आणि बाहेरून कडी घातली. आतून दारावर धडका बसत होत्या. मला काय करावं सुचेना. इकडे नवरा कोंडलेला, तिकडे ट्रॉलीत धाकल्या. आतून हेच ओरडले, 'तू जा त्याच्याबरोबर! जा म्हणतो ना!' मी चढले. बुटका आणि मिशाळ, दोघं दोरावरचे गडी, तेही चढले.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई एकट्याच होत्या, सिस्टर शेजारच्या वाडीत लस टोचायला गेलेली. बाई वयानं माझ्याहून लहान, अंगानं काडी. पाय बघितला आणि म्हणाल्या, 'किती वेळ झाला बांधून?'

'आत्ताच, वाटेत आलो तेवढाच,' मी म्हणाले.

'मग पाय वाचू शकतो. मी जखमेवर दाबून बांधते, रक्ताची नस सापडली तर धरते आणि हा दोर सोडते. खालच्या मांसाला रक्त मिळालं पाहिजे. मोठ्या दवाखान्यातून गाडी मागवते, पण ती दुपारनंतरच येणार. तोवर दोर असा ठेवला तर पाय मरेल.'

त्यांनी कात्री उचलली. बुटक्यानं त्यांचं मनगट धरलं. 'बाई, गाठीला हात लावायचा नाही.'

'म्हणजे?'

'ह्याच्या दादाची गाठ आहे. दादा येऊन सोडेल.'

बाईंना वाटलं चेष्टा चाललीय. त्यांनी मला सांगितलं, मिशाळला सांगितलं, हात जोडले. दोर म्हणजे काय, रक्त म्हणजे काय, सगळं पोटतिडकीनं समजावलं. आम्ही ऐकत होतो आणि ऐकत नव्हतो. सुरुंगाच्या जागी फोन नेत नाहीत, सगळ्यांचे फोन मुकादमाच्या पेटीत असतात, म्हणून दादाला पाठवा म्हणायला बाईंनी मुकादमालाच फोन लावला. तो म्हणाला, 'तो कामात आहे,' आणि ठेवून दिला.

शेवटी मीच पुढे झाले. म्हटलं मरू दे तो नियम, ही शिकलेली बाई आहे, उगीच हात जोडेल का? छिन्नीला हात घातला, तर धाकल्यानंच माझ्या हातावर फटका मारला. एवढ्या दुखण्यात इतका जोर कुठून आणला त्यानं!

'वहिनी, नको. आजवर दादाच्या गाठीनंच वाचलोय. दादाच सोडेल.'

बाईंनी आता ऐकायचंच नाही असं ठरवलं. कात्री घेऊन पुन्हा वाकल्या, तर बुटक्यानं त्यांना ढकललं. त्या औषधांच्या कपाटावर आदळल्या. काच फुटली, कोपरातून रक्त आलं. बुटका स्वतःच घाबरला, पण बाजूला होईना. मिशाळ म्हणाला, 'फुकटातलं काम, घाईनं उरकायचं असेल बाईंना.' बाई खाली बसल्या. काचेचा तुकडा कोपरातून उपसताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तरी उठल्या. धाकल्याला दुखू नये म्हणून सुई टोचली, पाणी पाजलं, कपाळ पुसलं. मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होते.

ऊन कलायला लागलं. पायाची बोटं आधी पांढरी होती, मग निळी, मग वांग्यासारखी काळी. मी बोटं चिमटली, धाकल्याला काही कळलं नाही.

तेवढ्यात हे आले. खोलीचं दार घणानं फोडून आले होते. ओठ फाटलेला, एक डोळा बंद, शर्ट रक्तानं कडक झालेला. सगळी वाट पळत. आल्या आल्या गाठीकडे हात नेला.

बाई किंचाळल्या, 'थांबा! आता सोडू नका!'

हे थांबले.

'आता पाय गेलाय. आत सगळं नासलंय. आता सोडलंत तर ते विष एकदम काळजापर्यंत जाईल. गाडी येतेच आहे. दोर असाच ठेवून नेऊ, तिथं पाय कापतील. जीव वाचेल. ऐका माझं, पाया पडते.'

'पाय कापतील?' हे म्हणाले.

बुटका बोलला, 'दादा, ही सकाळपासून सोडा सोडा करून आमच्या मानगुटीवर बसली होती. आता सोडू नका म्हणते.'

ह्यांनी बाईंकडे पाहिलं. 'आधी सोडा, आता सोडू नका. पैसे देणाऱ्याचा पाय वाचवता, फुकट्याचा कापता होय? तुला काही येतं तरी का गं?' आणि उलट्या हाताची अशी लगावली की बाई खाटेच्या लोखंडी दांड्यावर तोंडानं आपटल्या. दात पडला. मी 'अहो!' म्हणून ओरडले, दंडाला लोंबकळले, तर मलाही झटकून दिलं.

मग ह्यांनी गाठ सोडली. छिन्नी उलटी फिरवली, पीळ उकलला, दोर काढला. मायेनं, हळूहळू, जसं कड्यावर माणूस वर आल्यावर सोडायचे तसं.

धाकल्यानं श्वास सोडला. 'दादा, बरं वाटलं.'

'बघा,' हे म्हणाले.

बाई फरशीवरून सरपटत उठायचा प्रयत्न करत होत्या, तोंडातून रक्त, 'बांधा, बांधा परत,' असं काहीतरी. धाकल्याच्या तोंडावर घाम फुटला. 'छातीत काहीतरी होतंय रे,' म्हणाला. बाई त्याच्या छातीवर चढल्या, दोन्ही हातांनी दाबायला लागल्या. त्यांच्या तोंडातलं रक्त त्याच्या शर्टवर टपटपत होतं. दाबत राहिल्या, दाबत राहिल्या. धाकल्याचे डोळे उघडेच राहिले.

मी जी बोंब ठोकली ती मला स्वतःला ऐकू आली नाही. बाहेर जमलेल्या लोकांनी खिडक्यांवर दगड टाकले. 'बाईनं मारला! फुकटच्या दवाखान्यानं मारला!' दिसेल ते फोडलं. मोठ्या दवाखान्याची गाडी आली ती फुटक्या काचांवरून, आणि बाईंनाच घालून घेऊन गेली.

त्याला पोचवून आलो. घरात आम्ही दोघंच. चूल पेटवायचीसुद्धा इच्छा होईना.

मग मालक आला. स्वतः. आमच्या दारात वाकून आत आला, जमिनीवर बसला. मुकादम नाकाला पट्टी लावून मागे उभा. मालक गोड बोलला. झालं गेलं विसर म्हणाला, मुकादमावर हात टाकलास तेही मी पोटात घातलं. आता वर कड्यावर जाऊ नको, खाली गड्यांवर देखरेख कर. 'फक्त साहेबासमोर एवढंच सांग, की तुझ्या भावाला ह्या दवाखान्यानं मारलं. खोटं आहे का?'

'नाही,' हे म्हणाले.

ते गेल्यावर हे बराच वेळ दोराच्या त्या तुकड्याकडे बघत बसले. मग मला विचारलं, 'बाई सोडा म्हणाली ती कधी?'

'गेल्या गेल्या. तुम्ही खोलीत कोंडलेले होतात तेव्हा.'

'काय म्हणाली? शब्दाला शब्द सांग.'

मी सांगितलं. पाय वाचेल म्हणाल्या, दोर ठेवला तर मरेल म्हणाल्या. हात जोडले, रडल्या. धाकल्यानं माझ्या हातावर फटका मारला तेही सांगितलं. ऐकता ऐकता ह्यांचा चेहरा राखेसारखा झाला.

'सुरुंगाची वात,' हे म्हणाले.

'काय?'

'वात पेटली की आधी उपटता येते. उपटावीच लागते. पण एकदा जाळ भोकात शिरला की तिला हात लावायचा नाही, पळायचं. आधी उपट, मग हात लावू नको. आपणच नव्या गड्याला शिकवतो की. तो कधी म्हणतो का, दादा, तू शब्द फिरवलास?' हे हसले की रडले मला कळलं नाही. मग स्वतःचं डोकं भिंतीवर आपटायला लागले. भिंतीचा पोपडा पडला तरी थांबेनात. मी मध्ये हात घातला, माझा हात चेचला, तेव्हा कुठे थांबले.

साहेब आला त्या दिवशी दवाखान्यासमोर सावलीत खुर्च्या मांडल्या होत्या. बाई परत आल्या होत्या. गाल सुजलेला, ओठाला टाके, फुटक्या दारात उभ्या. त्यांनी पोलिसात ह्यांचं नाव दिलं नव्हतं. का ते कुणाला माहीत नाही.

मालक उठून बोलला. गरिबाला फुकट दिलं की त्याला त्याची कदर राहत नाही, देणाऱ्यालाही कामाची लाज राहत नाही. दमडी घेत नाही तो डॉक्टर उत्तर तरी कुणाला देणार? लोकांनी माना डोलावल्या. खडी फोडणाऱ्यांतली एक म्हातारी उठली, तिचं डोकं त्या उन्हाळ्याहून गरम. 'माझी सून इथं बाळंत झाली, आडवं मूल होतं. तेव्हा तुझा पैशाचा डॉक्टर आला होता का रे? तुझ्या घराचा रस्ता कराच्या पैशातला नाही? त्यावरनं गाडी उडवतोस तेव्हा तू फुकट्या नाहीस?' लोक हसले. मुकादमानं तिला खांदा धरून खाली बसवलं, तशी ती त्याला चावली.

'आता भावाला विचारा!' मालक म्हणाला. 'ज्याचा गेला त्याला विचारा!'

हे उठले. खाणीतले गडी दवाखाना पाडायला आधीच घण, पहारी घेऊन आले होते. मुकादमानं एक घण ह्यांच्या हातात दिला. 'बोल, आणि पहिला घाव तुझाच.'

हे दवाखान्याच्या दारापर्यंत गेले. बाई हलल्या नाहीत, फक्त डोळे मिटले. ह्यांनी घण खाली ठेवला आणि लोकांकडे तोंड केलं.

'गाठ माझी होती,' हे म्हणाले. 'बाई सोडा म्हणाली तेव्हा मुकादमाच्या माणसांनी मला कोंडलं होतं, आणि माझा नियम मोडायची कुणाची छाती झाली नाही. सोडू नका म्हणाली तेव्हा मी सोडली. धुळीत माणसं मुकादमानं उतरवली. भावाला मारला तो मी. बाईनं नाही.'

मग मुकादमानं पहार उचलली. 'नमकहराम!' पहिला फटका पाठीत बसला. साहेब घाईघाईनं गाडीत बसला आणि त्यानं काचा वर केल्या.

हे दारातून हलले नाहीत. चौकटीला दोन्ही हातांनी धरून उभे राहिले. मालकाची माणसं तुटून पडली. डोकं फुटलं, रक्त डोळ्यांत आलं, एक काठी कानावर बसली. एकदाही हात उगारला नाही ह्यांनी. ज्या माणसानं एका ठोशात नाक फोडलं तो मुकाट्यानं मार खात होता, जणू त्यासाठीच आला होता. ते मला सहन होईना. मी सुतकी घेऊन घुसले आणि मुकादमाच्या गुडघ्यावर घातली. हाड वाजलेलं मी ऐकलं, आणि मला बरं वाटलं, लपवू कशाला! पडता पडता त्याच्या पहारीचं टोक ह्यांच्या हातात घुसलं, कोपराखाली, आरपार. बायकांनी खडीचा असा मारा केला की मालक खुर्ची डोक्यावर धरून पळाला. बुटका आणि मिशाळ इतका वेळ खाली मान घालून उभे होते, तेही आता मध्ये पडले.

आम्ही ह्यांना आत ओढलं. त्याच खाटेवर ठेवलं.

दवाखाना अजून आहे. निकाल वरून यायचाय म्हणतात, येईल तेव्हा येईल. फुटक्या कपाटाला आम्ही बायकांनी फळ्या ठोकल्यात.

तर त्या दिवशी खाटेशी बाईंनी ह्यांच्या हाताकडे पाहिलं, रक्ताची चिळकांडी पाहिली. मग ह्यांच्या तोंडाकडे. मला वाटलं आता म्हणतील, जा, तुझी गाठ तूच मार. म्हणाल्या असत्या तर मी काय बोलणार होते? त्यांनी कप्प्यातून रबराची पट्टी काढली आणि ह्यांच्या दंडाला आवळून बांधली. टाक्यांमुळे त्यांना नीट बोलता येत नव्हतं.

हे पट्टीकडे बघत होते. 'बाई, ही सोडायची कुणी?'

'वेळ झाली की ज्याचा हात मोकळा असेल त्यानं.'

बाई नस शोधून टाके घालायला लागल्या. सिस्टर दिवा धरून उभी होती. शेवटचा टाका हातात असताना बाई मान वर न करता मला म्हणाल्या, 'आता सोडा. हळूहळू.'

माझा हात पट्टीपर्यंत गेला आणि तिथंच थांबला. इतक्या वर्षांत ह्यांच्या समोर मी कुणाच्या गाठीला हात लावला नव्हता. मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांच्या सुजलेल्या डोळ्यांतून पाणी आणि रक्त एकत्र वाहत होतं.

'सोड,' हे म्हणाले, आणि दंड माझ्यापुढे केला. 'लवकर सोड गं.'

मी सोडली.